पानगळीचं डिजिटल स्क्रॅपबुक करताना या चुका टाळा

दारात काढून ठेवलेले चिखलाचे बूट, खिडकीच्या काचेवरची ओल, संध्याकाळचं तिरकं ऊन, झाडून केलेला पानांचा ढीग. संगणकावर फोटो, कागद आणि सजावट जुळवून अल्बम करायचा असतो या रोजच्या गोष्टींचा. तयार होतो तेव्हा त्यात दिसतात नारिंगी चित्रं, फिती आणि बटणं. बहुतेक वेळा फोटो वाईट नसतात, जुळणी चुकलेली असते. (पुढे ‘पान’ म्हणजे झाडाचं. अल्बमच्या पानाला पेज म्हणू, नाहीतर घोळ होईल.)

पहिली चूक फाइल उघडतानाच होते. पेज 12 × 12 इंचाचं छापायचं असेल तर 300 पीपीआयला (एका इंचात 300 पिक्सेल) ते 3600 × 3600 पिक्सेलचं हवं. लहान पेजवर सगळं जुळवून शेवटी ताणलं की अक्षरांच्या कडा फुटतात. फोटोंचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेल उरते, म्हणजे 300 पीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच. तो पूर्ण पेजभर लावू नका. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. त्यात फोटो काढल्याची तारीखही शाबूत राहते.

फोटोतला सोनेरी उजेड पांढरट आला असेल तर दोष बहुधा ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेल्या रंगदुरुस्तीचा. पिवळेपणा म्हणजे बिघाड, असं समजून कॅमेरा तो पुसून टाकतो. फोटो काढताना ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ निवडा. नंतर सॅच्युरेशन (सगळ्याच रंगांचा गडदपणा) वाढवून भरपाई करायला गेलात की लाल पानाचा सपाट डाग होतो, शिरा दिसेनाशा होतात. त्याऐवजी व्हायब्रन्स, म्हणजे मुख्यतः फिक्या रंगांना उठाव देणारी सोय, थोडा वाढवा आणि शिरा दिसेनाशा होण्याआधीच थांबा.

नारिंगी फोटोखाली नारिंगी कागद ही सर्रास होणारी चूक. फोटो त्यात विरघळून जातो. आयड्रॉपरने (रंग टिपणाऱ्या साधनाने) फोटोतला सगळ्यात निस्तेज रंग उचला आणि कागदाला द्या: ओल्या रस्त्याचा करडा, खोडाचा राखी. त्या कागदावर एकच पिवळं पान ठेवलं तरी पुरतं.

आता सावल्या. पेज ‘खोटं’ वाटतं ते नव्वद टक्के यांच्यामुळेच, असं आमचं ठाम मत. क्लिपआर्टच्या, म्हणजे तयार सजावटीच्या चित्रांच्या, काही पीएनजी फाइलींत सावली आधीच चिकटवलेली असते. अशा फाइलमधलं पान 180 अंशांत फिरवलं की सावलीही फिरते, आणि शेजारच्या फोटोवर उजेड डावीकडून तर पानावर उजवीकडून पडलेला दिसतो. म्हणून बिनसावलीचे तुकडे घ्या आणि ड्रॉप शॅडो, म्हणजे वस्तूखाली पडणारी सावली, स्वतः द्या. कोन सगळीकडे एकच ठेवा, 120 अंश चालेल. रंग काळा नको, गडद तपकिरी. मोड मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा), अपारदर्शकता 35 ते 40 टक्के. 300 पीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 12 पिक्सेल. पेजला चिकटलेल्या कागदाच्या सावलीला 8–10 पिक्सेलचं अंतर द्या, कड उचललेल्या वाळक्या पानाच्या सावलीला 20–25. सगळ्यांना सारखंच अंतर दिलं तर पान हवेत तरंगतं किंवा फोटो पुठ्ठ्यासारखा जाड दिसतो.

मराठी मजकुरात वेलांटी भलत्याच जागी गेली, जोडाक्षरं सुटी पडली, तर फॉन्टला लगेच दोष देऊ नका. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावं लागतं. नुसते चौकोन दिसत असतील, तर मात्र त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. हस्ताक्षराचा भास हवा असेल तर ‘कलम’ हा फॉन्ट बरा. आणि मजकूर ‘सुंदर शरद’ असला ठेवणीतला नको. ‘मंगळवार, बूट तिसऱ्यांदा भिजले’ एवढंच लिहा.

सेव्ह करताना थरांसह (फोटो, कागद, सावल्या सुट्या राहतील अशी) मूळ फाइल वेगळी ठेवा. एकच जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा सेव्ह करत राहिलात की दर खेपेला तपशील घटतो. छपाईवाल्याने वेगळं सांगितलं नसेल तर रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रकारात ठेवा. कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्तीची पार्श्वभूमी सोडा. चेहरे नि अक्षरं कडेपासून आणि मधल्या घडीपासून किमान एक सेंटिमीटर आत घ्या.

पूर्ण अल्बम छापायला टाकण्याआधी सगळ्यात अंधाऱ्या फोटोचं एकच पेज छापून पाहा. काळपट आलं, तर स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि बाकीची पेजं त्या उजेडात पुन्हा तपासा.