जादूच्या वस्तू रंगवताना या चुका टाळा

आपोआप दळणारी घट्टी, म्हणजे जातं, काढायची, तर आधी साधी घट्टी काढता आली पाहिजे. लोककथांसाठी काढलेली कितीतरी चित्रं इथेच पडतात.

एका बालपुस्तकासाठी आलेलं चित्र मला आजही आठवतं. जांभळं आभाळ, घट्टीतून सोनेरी पिठाचा झोत, रंग तर बघत राहावेत असे. खुंटा मात्र वरच्या दगडाच्या बरोबर मध्यभागी! मी प्रकाशकांना सांगून पाहिलं, पण छपाईची घाई होती. पुस्तक निघालं. चोपड्याकडच्या एका गावात गोष्ट वाचून दाखवत होतो, तेव्हा पोरांच्या मागे बसलेल्या आजींनी पान जवळ ओढलं नि विचारलं, "हाई घट्टी फिरी कशी?" मग दुसरा प्रश्न, दाणे टाकायचे कुठून? पोरं हसली आणि गोष्ट तिथेच बसली.

दाणे टाकायचं तोंड मध्ये असतं, खुंटा कडेला. तो कडेला असतो म्हणून तर एवढा जड दगड हाताने फिरतो. पीठ चहूबाजूंनी काठावरून सांडतं, नळासारखं एका जागेतून येत नाही. जी घट्टी हाताने फिरूच शकत नाही, ती आपोआप फिरली तर नवल कुणाला वाटणार?

म्हणून मी सुरुवातीला जादूला हातच लावत नाही. घट्टी, सूप, खापर, जे असेल ते समोर ठेवून पेन्सिलने काढतो, फिरवून, पालथं करून. खुंट्यावर हात लागून आलेली तकतकी काढतो. मांडे भाजायचं खापर चुलीवर पालथं ठेवतात, त्यामुळे काजळी आतून धरते. हे खापर उचलल्याशिवाय कळत नाही. घरात नसेल तर गावी जा, मावशीकडे मागा. मोबाइलवर पहिलं दिसलेलं चित्र गिरवून संध्याकाळपर्यंत काम संपवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

दुसरा राग वलयाचा. वस्तूभोवती पिवळा उजेड, चार चांदण्या, झाली जादू! जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथे 17 व्या लेण्याच्या ओसरीत आकाशातून जाणारी अप्सरा नीट बघा. पंख नाहीत, ठिणग्या नाहीत. गळ्यातले हार एका बाजूला झुकलेत, तेवढ्यावर ती उडते. उडत्या घोंगडीचंही तसंच करावं: दशा मागे ओढलेल्या, बसलेल्याचा एक हात पागोट्यावर, आणि घोंगडीची सावली तिच्यापासून सुटून खाली कपाशीच्या शेतावर. घोंगडीचा इराणी गालिचा मात्र करू नका.

परीस सोनेरी रंगवू नका. सोनं होतं ते लोखंडाचं, परीस दगडच राहतो.

खडावांना अंगठ्याजवळची खुंटी हवीच, पट्टा नको.

राक्षसाचा जीव असतो तो पोपट आपल्या झाडांवरचा हिरवा, लाल चोचीचा. परदेशी निळा-पिवळा नव्हे.

आणि टुणुक टुणुक जाणारा भोपळा. त्याला डोळे-दात कोरलेले दिसले की मी चित्र परत पाठवतो. खरा लाल भोपळा कापून बघा, साल किती जाड, बिया कुठे. मग म्हातारीला कोऱ्या कागदावर एकटीलाच उकिडवी बसवा, गुडघे पोटाशी, काठी आडवी. ती नीट बसली की भोपळा तिच्याभोवती काढा.