डबडं, पिपा अन् जुनं दार: भंगारातून वस्तू करताना या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या चार कोंबड्या मेल्या. रोग नव्हता, मुंगूसही आलं नव्हतं. दोष माझ्या कारागिरीचा होता.

घरी पत्र्याचा जुना कूलर होता. खालची टाकी गंजून चाळणी झालेली, मोटार जळालेली. तीन बाजूंनी जाळ्या, आत ऐसपैस जागा. म्हटलं, याहून चांगलं खुराडं कुठलं? पंखा काढला, टाकीवर फळी टाकली, समोर तारेची जाळी ठोकली अन् आवारात दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवला. हिवाळाभर येणारा-जाणारा वाखाणून जायचा. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तशी त्या पेटीची भट्टी झाली. आई एवढंच म्हणाली, "कूलर हाये म्हणून थंड राहीन, असं वाटलं का तुले?"

तिनं बरोबर जागी बोट ठेवलं. कूलर गार करतो तो पाण्याच्या अन् पंख्याच्या जोरावर. ते दोन्ही काढलं की उरतो नुसता पत्रा. आमच्या आर्वी तालुक्यात काय, अख्ख्या विदर्भात काय, घरातली वस्तू सहसा कोणी फेकत नाही. पण पुढं तिचं काय करायचं हे आपण रंगवून रंगवून ठरवतो. ती आधी काय होती, तिच्यात काय भरलेलं होतं, कशाच्या जोरावर ती टिकून होती, हे विचारतच नाही. मी पाहिलेल्या अन् केलेल्या बहुतेक चुका इथल्याच आहेत.

खुराडं मोडलं नाही, ते दुरुस्त केलं. आता ते कडुनिंबाखाली चार विटांवर आहे, वर तुऱ्हाट्यांचा जाड थर आहे, अन् एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जाळ्यांवर ओला बारदाना सोडतो. एक बाजू मात्र कोरडी अन् उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत नुसती वाफ कोंडते. कापलेल्या पत्र्याच्या कडा पक्कडीनं आत दुमडून हातोडीनं बसवल्या. हे आधीच करायला हवं होतं; कोंबड्यांच्या पायांना जखमा होत होत्या अन् मी दोष देत होतो कुत्र्याला.

औषधाचं डबडं: इथं कारागिरी नकोच

आपल्याकडं फवारणीच्या विषाला सगळे 'औषध' म्हणतात. अर्धा घोळ तिथंच आहे. पांढरं, जाड, घट्ट झाकणाचं ते डबडं इतकं सुबक असतं की फेकवत नाही. कोणी त्याचा वरचा भाग कापून ढेप घालायचं माप करतं, कोणी वावरात प्यायचं पाणी नेतं, कोणी मीठ भरतं. "तीनदा निरम्यानं धुतलं ना भाऊ," हे उत्तर ठरलेलं.

धुण्यानं काम भागत नाही, त्याला कारण आहे. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जी औषधं असतात, त्यांत विष पेट्रोलियमसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं. हे द्रावक प्लास्टिकच्या भिंतीत मुरतं. साबण वरचा थर काढतो, मुरलेलं तसंच राहतं अन् डबडं उन्हात तापलं की हळूहळू बाहेर येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर तरी हे डबडं स्वयंपाकघरात अन् गोठ्यात दिसायला नको होतं. अजून दिसतं.

लेबलवरचा चौकोन पाहायची सवय लावा. खालचा त्रिकोण लाल असेल तर अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती भाजणी. पण हिरव्यातही विषच असतं, फक्त कमी. हिरव्या खुणेचं डबडं चालतं, ही समजूत मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे.

करायचं ते एवढंच. फवारणीच्या दिवशीच, हातमोजे घालून, रिकाम्या डबड्यात पाव भाग पाणी घ्यायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं अन् ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीनदा. मग बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला मोह होणार नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही हेच आहे: रिकामी भांडी पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरायची. विहिरीच्या काठावर किंवा नाल्यात धुणं तर नकोच.

बियाण्याच्या पिशव्यांचंही तसंच. आतून गुलाबी किंवा लाल भुकटी लागलेली पिशवी म्हणजे बीजप्रक्रिया केलेल्या, म्हणजे औषधाचा लेप दिलेल्या बियाण्याची. ती उलटी करून झटकून तिच्यात तुरीची डाळ भरलेली मी नात्यातल्याच घरी पाहिली. डाळ टाकून द्यायला लावली तेव्हा दोन दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत.

युरियाची ४५ किलोची बोरी त्यामानानं सरळ. तिची तक्रार वेगळी असते: "बोऱ्यांची ताडपत्री शिवली, एका उन्हाळ्यात भुगा झाली." होणारच. ती विणलेली प्लास्टिकची पट्टी वर्षभर उन्हात राहण्यासाठी केलेलीच नसते. ऊन तिला ठिसूळ करतं अन् मग तिचे पापुद्रे वावरभर उडतात. गोठ्यात आतल्या बाजूनं, पडवीत, कडब्याखाली अंथरायला ती वर्षानुवर्षं टिकते. आधी उलटी करून दोन-तीन पाण्यांतून काढा, नाहीतर उरलेला युरिया हवेतला ओलावा ओढतो अन् बोरी कायम चिकट राहते. धान्य मात्र तिच्यातही नको.

घरकुल आलं, जुनं दार गेलं

घरकुल मंजूर झालं की मातीचं घर पाडतात अन् पाडताना सगळी घाई. कवेलू (कौलं) फुटतात, अन् चांगलं सागवानी दार कबाड्याच्या गाडीत चढतं, जळाऊ लाकडाच्या भावात. आजोबांच्या वेळचं बल्लारशाचं सागवान आज बाजारात मागून पाहा, मग कळेल काय दिलं ते. म्हणून पहिली चूक घाईची. दार, चौकट, तुळया अन् खुंट्या वेगळ्या काढून विटांवर आडव्या रचा, भिंतीला उभ्या टेकवू नका. जमिनीला टेकलेलं टोक उधळी (वाळवी) आधी धरते.

पुढची चूक रंग खरवडण्याची. गावातल्या जुन्या दारांवर ऑइल पेंटचे चार-पाच थर असतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगात ते भरपूर असू शकतं. कोरडा सँडपेपर किंवा ग्राइंडर लावला की तीच धूळ घरभर बसते, अन् रांगणारं पोर जमिनीवरचा हात तोंडात घालतं. लाकूड ओलं करून पाणीकागदानं घासा, तोंडाला मास्क ठेवा, निघालेला गाळ कागदावर गोळा करा. ओसरीवर हे काम करूच नका.

तान्ह्या पोळ्याला पोराला लाकडी नंदी करून द्यायची आपल्याकडं हौस असते, अन् त्यासाठी जुन्या पलंगाचे पाय फार छान बसतात. पण तिथं रंग पूर्ण उतरलाच पाहिजे. मग बैल पॉलिश न करता नुसतं जवसाचं तेल चोळून ठेवा, तो देखणाच दिसतो. मोडके खिळे आत तसेच ठेवून वरून पुट्टी मारणाऱ्यांना काय म्हणावं? आरा मशीनवाला असं लाकूड हातात घेत नाही, कारण त्याचं पातं जातं. पोराचा हात पात्याहून स्वस्त झाला का?

"टेबल केलं, फट पडली" ही तक्रार सगळ्यात जास्त येते. दाराच्या दोन फळ्या घट्ट चिकटवून, खालून आडव्या पट्ट्यांना स्क्रूनं आवळून टेबलाचा माथा करतात. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. आपला मे कोरडाठाक, जुलै-ऑगस्ट ओलाचिंब. फळी दरवर्षी आक्रसते अन् फुगते, अन् तिला जागा दिली नाही की ती स्वतःची जागा करून घेते, म्हणजे चिरते. उपाय सोपा आहे. फळ्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट मुद्दाम ठेवा, अन् खालच्या पट्टीतली स्क्रूची भोकं गोल न करता लांबट करा, म्हणजे स्क्रू थोडा सरकू शकतो. मेमध्ये दिसलेली फट फेविकॉल अन् बुरादा भरून बुजवू नका. श्रावणात फळी फुगली की जोडच उचलला जातो. जुनं सागवान कडक असतं, म्हणून आधी बारीक ड्रिल मारा, स्क्रूला साबण लावा. थेट पिळला तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील अन् खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आधी किडा जिवंत आहे का ते पाहा. भुकटी पुसून खाली वर्तमानपत्र अंथरा. आठ-दहा दिवसांत पुन्हा पीठ पडलं तर तो आत आहे. अशी फळी घरातल्या चांगल्या लाकडाजवळ नेऊ नका. रंग उतरवलेल्या लाकडावर बोरॅक्स अन् बोरिक पावडरचं पाणी दोन-तीनदा मुरवा. पातळ फळी असेल तर मेच्या उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवल्यानंही फरक पडतो. नुसतं वरून वार्निश मारलं तर किडा आत सुखानं राहतो.

पिप्यातली तुळस पिवळी का पडते?

तेलाचा १५ किलोचा पिपा, त्यात वावरातली काळी माती, त्यात तुळस. घरोघरी हेच दिसतं, अन् दोन महिन्यांत पानं पिवळी. मग लोक आणखी पाणी घालतात. आपली काळी माती ओली झाली की फुगते अन् पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते. वावरात तिला खोली असते, पिप्यात कुठं जाणार? मुळं गुदमरतात. एक भाग काळी माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, असं मिसळा. बुडाला पाच-सहा भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे पत्र्याचे दात बाहेर राहतात अन् पाणी अडत नाही. पिपा विटेवर ठेवा, नाहीतर बूड सहा महिन्यांत सडतं.

टायरच्या कुंड्यांचं एकच सांगतो: आतल्या खोबणीत पाणी साचतं. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो, अन् अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरड्या टायरला चिकटून महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, खोबण घासावी लागते. खालच्या बाजूला भोकं पाडली अन् माती खोबणीत ठासून भरली की प्रश्न मिटतो.

नाडेप खताचं टाकं हे तर आपल्या घरचंच. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं त्यात आहेत. पाडलेल्या घराच्या विटा त्याला चालतात: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. पण भिंत 'चांगली दिसावी' म्हणून मधली भोकं बुजवली की टाकं वास मारतं, कारण सगळं काम त्या भोकांतून जाणाऱ्या हवेवर आहे. अन् गुटख्याच्या पुड्या त्यात टाकू नका, त्या तशाच्या तशा बाहेर निघतात.

विजेचं जुनं सामान

कूलरची जुनी मोटार लाकडी चौकटीत बसवून चना, तूर उफणायचा पंखा करतात. कल्पना झकास. मात्र पात्याला जाळी नसते, वायर दातानं सोललेली अन् चिकटपट्टीनं जोडलेली असते, अर्थिंगचा पत्ता नसतो. दरवर्षी उन्हाळ्यात आपल्याकडं कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तीच मोटार पंख्यात बसवली म्हणून ती बदलत नाही. तीन पिनांचा प्लग, मोटारीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर अन् दोन्ही बाजूंनी जाळी, याशिवाय चालू करू नका.

मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही? प्लग काढून पातं हातानं फिरवून पाहा. मोकळं फिरलं तर बहुधा कंडेन्सर गेला आहे, आकडा मोटारीवरच्या पट्टीवरून पाहूनच नवा घ्या. जड फिरलं तर बुश सुकलाय, तेल द्या. जळका वास आला तर तिचा नाद सोडा.

बंद फ्रिज कपाट म्हणून वापरणार असाल तर आधी दाराची पकड काढून टाका. लपंडावात पोर आत शिरलं तर त्याला आतून दार उघडता येत नाही, ओरडणंही बाहेर ऐकू येत नाही. त्याच्या नळ्या घरी कापू नका. नव्या फ्रिजांमधला गॅस पेट घेणारा असतो.

जुन्या लुगड्यांच्या वाकळीला (आमच्याकडं वाकय) फार शिकवण लागत नाही, बायांचे हात जाणतात. मी एवढंच पाहिलं, की सुती लुगड्याबरोबर नायलॉनचा थर घातला की पहिल्याच धुण्यात सुती आटतं अन् वाकय ठिकठिकाणी फुगते. सगळे थर शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवा.

अन् साठवणीचं. "कधीतरी कामी येईल" म्हणून आवारात रचलेल्या ढिगाखाली पावसाळ्यात विंचू अन् साप येतात. आमच्याकडं दोनदा मण्यार निघाला, तेव्हापासून सामान जमिनीपासून फूटभर वर, अँगलच्या रॅकवर असतं. मृग लागायच्या आधी आई ते तपासते. वर्षभर हात लागला नाही ते कबाड्याला. गेल्या वर्षी नंदीसाठी जपून ठेवलेले पलंगाचे चार पाय त्यातच गेले. नवे मिळालेत, ते आता मी दिवाणाखाली लपवून ठेवलेत.