बेळगाव-खानापूर पट्ट्यात संशोधनासाठी पाऊस कसा मोजावा

हवामानबदलाचा भातावर काय परिणाम होतो हे पाहायचं, तर जिल्ह्याची सरासरी पुरत नाही. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला धो-धो कोसळतो तेव्हा जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या अथणीला नुसतं मळभ असतं. म्हणून मोजणी गावातच करा.

१६ सें.मी. व्यासाच्या तोंडाचं नरसाळं आणि ५ लिटरचा कॅन घ्या. या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौ. सें.मी. भरतं, म्हणजे २० मि.ली. पाणी = १ मि.मी. पाऊस. बेळगावात २ लिटरची बाटली चालेल, पण ती १०० मि.मी.ला भरते, आणि घाटमाथ्यावर नेमका मोठ्या पावसाचाच आकडा हातचा जातो.

कॅन जमिनीत पुरा, नरसाळ्याची कड ३० सें.मी. वर आणि अगदी सपाट ठेवा. घर किंवा झाड त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब हवं. माडाखाली ठेवलेलं मापक बिनकामाचं!

रोज सकाळी ८:३० ला पाणी मोजनळीत ओता, डोळा पातळीला आणून पाण्याच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा वाचा. नोंद त्याच दिवसाच्या तारखेला करा. मोजणी चुकली तर रकाना रिकामा सोडा. ० कधीच लिहू नका, नाहीतर खोटी उघडीप तयार होते.

२.५ मि.मी. किंवा जास्त असेल तोच पावसाचा दिवस धरा. धूळवाफ पेरणीनंतर (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीनंतर) सलग किती दिवस कोरडे गेले हे एकूण पावसापेक्षा जास्त सांगून जातं. मात्र दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून हवामान बदललं असं लिहू नका. तुलनेला जवळच्या हवामान केंद्राची १९९१-२०२० ची आकडेवारी घ्या.