नवोदयच्या परीक्षेला नेताना

इंदूरच्या आपल्या घरांतून नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मुलं बसताहेत, त्यांच्या आईवडिलांसाठी सांगते. अभ्यास होईलच, पण बॉलपेनची सवय लावा. पाचवीतली कितीतरी मुलं अजून पेन्सिलीनेच लिहितात आणि ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवून उत्तर द्यायच्या उत्तरपत्रिकेवर, पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही. आधीपासून रोज थोडे गोल भरून घेतले की हात बसतो. दोन तासांत 80 प्रश्न, त्यांतले 40 बुद्धिमत्तेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडू नकोस, हे नीट पटवा. केंद्र आदल्या दिवशीच बघून या. सकाळी पोहे पोटभर द्या, वरून जिलबीचा आग्रह नको. सुटल्यावर गेटवर फार रेटारेटी होते. आई किंवा बाबा दिसल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढं घरूनच बजावा.