मलीरमधला खलाशी घरी आणायचा तर: गावच्या समितीसाठी

ऑगस्टमध्ये मासेमारीचा हंगाम उघडला की डहाणू-तलासरीकडचे तरुण गुजरातेतल्या ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून चढतात. जलसीमेजवळ पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने बोट धरली की तांडेलासकट (बोटीच्या म्होरक्यासकट) सगळे कराचीच्या मलीर तुरुंगात. १ जुलै २०२५ ला दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या, तेव्हा पाकिस्तानकडचा आकडा १९३ मच्छीमारांचा होता: ‘भारतीय किंवा भारतीय असल्याचे मानले जाणारे’. या ‘मानले जाणारे’मध्येच माणूस अडकतो. शिक्षा बहुतेकदा काही महिन्यांची असते, पण नागरिकत्वाची खात्री होईपर्यंत सुटकेच्या यादीत नाव येत नाही. म्हणून मोहिमेचं पहिलं काम मोर्चा नव्हे, कागद.

बातमी कळली त्याच दिवशी बोटमालकाला गाठा. बोटीचं नाव, ‘आयएनडी-जीजे’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, बंदर सोडताना घेतलेल्या टोकनची प्रत, खलाशांची यादी आणि पकडल्याची तारीख, एवढं लेखी मागा. यादी नीट वाचा. तिथे बऱ्याचदा हाकेचं नाव असतं, आडनाव गाळलेलं असतं, कधी एकाच्या कार्डावर दुसराच गेलेला असतो. असं असेल तर लपवू नका, मालकाकडून खुलाशाचं पत्र घ्या. दडवलेली गोष्ट पुढे पोलीस पडताळणीत निघते आणि फाईल उलटी फिरते. उचलीचा हिशेबही याच भेटीत काढा आणि माणूस परतेपर्यंत वसुली थांबवल्याचं लिहून घ्या.

आता घरचे कागद. आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, मच्छीमार ओळखपत्र असेल तर ते, चार फोटो आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. प्रत्येकी पाच प्रती. दोन गोष्टी हमखास नडतात. उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे कोळीचा ‘कोली’ होतो आणि वळवीचा ‘वलवी’. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. शक्य ती सगळी रूपं एका प्रतिज्ञापत्रात एकत्र लिहा, वडिलांच्या नावासह. दुसरं, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीच्या दाखल्यांवर जिल्हा ठाणे आहे. पकडलेल्या माणसानेही ‘ठाणा’ सांगितलं असेल, तर पडताळणीचं पत्र ठाण्याला जाऊन तिथून ‘या नावाची व्यक्ती आढळली नाही’ असा शेरा येऊ शकतो. अर्जात ठळक लिहा: पूर्वीचा जिल्हा ठाणे, आता पालघर.

अर्ज एका पानाचा, इंग्रजीत, तालुक्यातल्या सगळ्या अडकलेल्यांचा एकत्र तक्ता जोडून. एकेकट्या घराचा अर्ज टेबलावर पडून राहतो, वीस नावांच्या तक्त्याला निदान जावक क्रमांक मिळतो. तो जाईल परराष्ट्र मंत्रालयाच्या पाकिस्तान-अफगाणिस्तान-इराण विभागाकडे, इस्लामाबादच्या भारतीय उच्चायोगाकडे, पालघरचे जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्याकडे आणि मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवरही नोंद करा. नोंद क्रमांक आणि प्रत्येक पोच एका वहीत चिकटवा. ही वही एकाच माणसाकडे नको. तोच हंगामाला गेला तर मोहीम थांबते.

मागणी काय करायची? ‘आमच्या माणसाला सोडवा’ याला कुठलाच कारकून उत्तर देऊ शकत नाही. २१ मे २००८ च्या भारत-पाकिस्तान करारात मुदती दिल्या आहेत: अटकेची माहिती लगेच, तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट, शिक्षा संपून नागरिकत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात पाठवणी. त्याच बोलीत विचारा. भेट झाली का? कोणत्या तारखेला? पडताळणीचं पत्र पालघरला कधी आलं, उत्तर कधी गेलं? हे पत्र दिल्लीहून राज्याच्या गृहखात्यातून पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथून गावच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत उतरतं. सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात, आणि गावाचा हातही इथेच पोहोचतो. हवालदार घरी येईल तेव्हा कागदांचा संच, सरपंच आणि दोन शेजारी तयार हवेत. कुटुंब वीटभट्टीवर गेलं असेल तर ‘घर बंद’ एवढा शेरा मारून फाईल परत जाते.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकार, फी १० रुपये. महाराष्ट्रातल्या कार्यालयाकडे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. विचारा फक्त जावक क्रमांक आणि तारखा. वाटाघाटींबद्दल विचारलंत तर परराष्ट्र संबंधांचं कलम दाखवून नकार येईल. खासदारांकडून लोकसभेत प्रश्न हवा असेल तर १५ दिवस आधी सूचना लागते. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच प्रश्न लिहून त्यांच्या हातात द्या, आकड्यांसकट. आमदारांकडे वेगळं काम आहे: घरच्यांना मदत. गुजरातेत अशा कुटुंबांना दिवसाचा भत्ता मिळतो. आपल्याकडच्या मदतीचा अर्ज मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा. त्याआधी पत्नीचं किंवा आईचं स्वतंत्र बँक खातं उघडा, नाहीतर पैसे खलाशाच्याच बंद खात्याकडे निघतात.

मग आवाज. १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना याद्या देतात, त्याच्या आदल्या आठवड्यात निवेदन आणि बातमी. ५० पैशांची पोस्टकार्डं शाळेतून, बाजारातून लिहून घ्या, प्रत्येकावर एकच मागणी. पत्रकारांशी बोलणारे दोघंच ठरवा. ‘बोट सीमा ओलांडून गेली’ असं कॅमेऱ्यासमोर कोणी म्हणायचं नाही. तिथल्या खटल्यात ते कबुलीसारखं वापरलं जाऊ शकतं, आणि जे घडलं ते घरच्यांनी पाहिलेलंही नसतं. पाकिस्तानविरोधी घोषणा नकोत. राग खरा असतो, पण तुरुंगाचं दार त्यांच्या हातात आहे. नॅशनल फिशवर्कर्स फोरम, पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम आणि कराचीकडचा पाकिस्तान फिशरफोक फोरम या संघटना हा विषय वर्षानुवर्षं लावून धरतात. यादी त्यांनाही द्या. ‘पाच लाखांत सोडवून आणतो’ म्हणणारा दलाल आला तर सरळ पोलिसांत जा.

सुटका घाऊक होते. मे-जून २०२३ मध्ये दोन तुकड्यांत १९८ आणि २०० मच्छीमार सोडले, फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. दोन देशांत बिनसलं की सगळं थांबतं, पण कागद तेव्हाही पुढे सरकवत राहायचं, कारण पुढची तुकडी तयार नावांतूनच निवडली जाते. आजारी माणसाचं नाव वेगळं काढून जुने वैद्यकीय कागद उच्चायोगाला पाठवा. मार्च २०२४ मध्ये कराचीत कैदेत असताना मरण पावलेल्या डहाणूच्या खलाशाचा मृतदेह घरी यायला महिन्याहून जास्त लागला होता.

तुकडी जाहीर झाली की जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागा: अटारीला, म्हणजे सुटलेले जिथून भारतात येतात त्या पंजाबमधल्या सीमाचौकीवर, आपल्या जिल्ह्याचा माणूस पाठवा. बोट गुजरातची असल्याने नेण्याची व्यवस्था गुजरातचे अधिकारी करतात आणि पालघरचा खलाशी आधी वेरावळला पोहोचतो. सोबत जाणाऱ्याकडे नावांचा तक्ता, चप्पल, कपडे आणि घरच्यांचा चालू मोबाइल क्रमांक द्या. अटकेच्या वेळचा क्रमांक बहुधा बंद पडलेला असतो.