सार्वजनिक भिंतीवर संदेष्टे रंगवताय? मग या चुका टाळा

लायब्ररी, कोर्ट किंवा टाउन हॉलच्या म्युरलमध्ये, म्हणजे भित्तिचित्रात, संदेष्टे, पैगंबर येणार असतील तर निम्म्या चुका रंगाचा डबा उघडायच्या आधीच होऊन बसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुन्या चर्चमधली प्रतीकं अर्थ न तपासता उचलणं. बॉस्टन पब्लिक लायब्ररीचंच बघा. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटला तिथलं काम १८९० मध्ये मिळालं, १८९५ मध्ये मोशे (ज्यूंना देवाचे नियम आणून देणारा संदेष्टा) आणि बाकीच्या संदेष्ट्यांचा चित्रपट्टा लागला आणि तो लोकांना जाम आवडला, कारण प्रत्येक चेहरा वेगळा, कुणी हताश, कुणी आशेने बघणारा, जिवंत माणसं वाटतात ती. पण १९१९ मध्ये त्याच हॉलमध्ये 'सिनेगॉग' (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि 'चर्च' अशी दोन चित्रं लागली, त्यात सिनेगॉग म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मुकुट घसरलेली बाई. ही प्रतिमा मध्ययुगीन कॅथेड्रलमधली, आणि तिचा अर्थ सरळ असा की ज्यू धर्म आंधळा आणि हरलेला. ज्यू लोक दुखावले, आणि त्यांचं बरोबरच होतं. चित्र काढून टाकायचा कायदा झाला, तो टिकला नाही, १९२४ मध्ये कुणीतरी चित्रावर शाई फेकली. या दोन चित्रांमधली जागा येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनासाठी ठेवलेली, ते चित्र झालंच नाही, जागा आजही रिकामी आहे.

म्हणून स्केच झालं की ज्या धर्माची माणसं रंगवताय त्यांनाच आधी दाखवा, नुसतं कमिटीला दाखवून भागत नाही.

दुसरी चूक, सगळ्यांना एकाच मापाने मोजणं. मोशे चालतो म्हणून मुहम्मद पैगंबरही चालतील असं नसतं, बऱ्याच मुस्लिमांना त्यांचं चित्रच नको असतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या कोरीव पट्ट्यात (ते म्युरल नाही, पण प्रश्न तोच) कायदे देणाऱ्यांच्या रांगेत ते आहेत, १९९७ मध्ये त्यावर आक्षेप आला, कोर्टाने कोरीव काम बदललं नाही. नवीन काम असेल तर चेहऱ्याऐवजी सुलेखन घ्या ना, काय सुंदर दिसतं ते!

आणि मोशेला शिंगं काढू नका. हिब्रूतल्या एका शब्दाचं लॅटिन भाषांतर तसं झालं म्हणून जुन्या चित्रांत ती आली, संदर्भ तेजाने झळकणाऱ्या चेहऱ्याचा आहे.

भिंत ओली असेल तर थेट रंगवू नका, आधी गळती शोधा. आणि उद्घाटनानंतर तक्रार आलीच तर रात्रीतून पांढरा रंग फासू नका, आधी बसून ऐका, काय खटकतंय ते लिहून घ्या, कित्येकदा एखादा हात किंवा डोळ्यांवरची पट्टी बदलली तरी चित्र वाचतं.