टूरिंगची मोटरसायकल घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

महिन्याला एखादा तरी फोन असतोच. "दादा, लडाख करायचंय, कुठली गाडी घेऊ?" मी विचारतो, रोज कुठे जातोस? तर वाकडहून हिंजवडीला. म्हणजे लडाख आयुष्यात एकदा, फार तर दोनदा, आणि हिंजवडीचा सिग्नल वर्षातून अडीचशे दिवस. तरी गाडी घ्यायची ती लडाखसाठीच. मनालीला गाड्या भाड्याने मिळतात हे सांगितलं की समोरचा थोडा नाराज होतो. त्याला सल्ला नको असतो, ठरलेल्या गाडीवर शिक्का हवा असतो.

पॉवरचं वेडही तसंच. चाळीस पीएसच्या (म्हणजे जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीच्या) खाली बोलायचंच नाही. अरे बाबा, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. जिथे ती पॉवर खरी वापरता येईल ते रस्तेच आपल्याला बंद आहेत. उरतात ते घाट, खड्डे आणि कोकणातले जेमतेम दोन गाड्या मावतील असे रस्ते. तिथे साडेतीनशे सीसीची गाडी दिवसभर चालते आणि संध्याकाळी कंबरही जागेवर असते.

उंची न बघता गाडी घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सीटची उंची हा आकडा कागदावर कुणाला काही सांगत नाही. रॉयल एन्फील्डच्या मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर, हिमालयन ४५० ची ८२५, केटीएम ३९० अॅडव्हेंचर पहिल्यांदा आली तेव्हा ८५५. वाचताना वाटतं, नऊ सेंटिमीटरने काय होतंय? त्या नऊ सेंटिमीटरमध्ये अख्खा तळवा टेकणं आणि फक्त बोटं टेकणं एवढा फरक आहे.

माझा एक मित्र, पाच फूट पाच इंच. त्याने उंच अॅडव्हेंचर गाडी घेतली. शोरूमच्या सपाट, कोरड्या फरशीवर बसून बघितली, फोटो काढला, झालं. जुलैमध्ये आम्ही ताम्हिणीत गेलो. एका टपरीपाशी थांबलो, तर याने गाडी रस्त्याच्या कडेला उताराच्या दिशेने तोंड करून घातली. मी म्हटलंसुद्धा, वळवून लाव. "राहू दे रे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

भजी झाली, चहा झाला. आता गाडी मागे घ्यायची. जवळजवळ दोनशे किलोची गाडी, वर दोन भिजलेल्या बॅगा, खाली चिखल आणि खडी, आणि याच्या पायांची फक्त बोटं जमिनीला. दोनदा जोर लावला, गाडी वीतभर मागे आली आणि तेवढीच पुढे गेली. तिसऱ्यांदा डावा पाय सरकला. गाडी सावकाश, अगदी विचार करून पडावी तशी आडवी झाली. टपरीवाल्या मावशी झारा हातात घेऊन बघत होत्या. तिघांनी मिळून उचलली. त्याला खरचटलंही नाही, पण क्लचचा लिव्हर मधोमध तुटला. उरलेल्या तुकड्यावर दोन बोटांनी क्लच दाबत तो पौडपर्यंत आला. पुढच्या रविवारी गाडी विकायची भाषा सुरू.

म्हणून गाडी बघायला जाताना मी घोट्यापर्यंतचे बूट घालतो आणि सोबत बायकोला नेतो. ती मागे बसल्यावर, शोरूमबाहेरच्या रॅम्पच्या उतारावर गाडी पायाने मागे घेऊन बघतो. सेल्समन विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

आणि गाडी लावताना तोंड चढाकडे किंवा रस्त्याकडे, पहिला गिअर टाकून. चिखल असेल किंवा उन्हाने डांबर मऊ झालं असेल तर साइड स्टँडखाली काहीतरी सपाट ठेवायचं. मी दाबून चपटा केलेला पत्र्याचा डबा बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवतो. दोन्ही लिव्हरचे क्लॅम्प थोडे सैलसर ठेवतो, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर फिरतो, तुटत नाही.

पेट्रोलचा कॅन, अॅल्युमिनियमच्या पेट्या वगैरे

मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची पाटी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे कॅन समजू शकतो. गुहागरला जाताना कॅन कशाला? तेरा लिटरच्या टाकीत साडेतीनशेची गाडी आरामात तीनशेच्या वर जाते आणि तेवढ्यात पंप लागतातच.

पेट्यांचं म्हणाल तर रिकाम्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा यांचंच वजन आधी मोजा. त्यातून टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर. जड सामान त्यात भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर. रेनकोट सायलेन्सरपासून लांब. हे एका वाक्यात संपवतोय, पण वितळलेले रेनकोट मी तीन पाहिलेत.

चेन ताणून ठेवणं

चेन सैल असणं वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. चेन घट्ट असणं त्याहून वाईट, हे फार थोड्यांना. मलाही माहीत नव्हतं.

साताऱ्याहून कुंभार्ली घाटाने गुहागरला निघालो होतो, डबलसीट, दोन्ही बाजूंना बॅगा. आदल्या रात्री मोठ्या उत्साहात गाडी मेन स्टँडला लावून मी चेन ताणली होती. बोटाने दाबून बघितली, जेमतेम एक सेंटिमीटर हलत होती. मस्त, म्हटलं. पाटण सोडल्यावर खालून बारीक किणकिण यायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की कुणीतरी करवत ओढावी तसा आवाज. कोयनानगरच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री दिसले, तिथे थांबलो. त्यांनी वाकून चेनखाली अंगठा घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, ही चेन हाय का सतारीची तार?"

मग आम्हा दोघांना गाडीवर बसायला लावलं आणि मला मान वळवून खाली बघायला सांगितलं. चेन अजिबात हलत नव्हती. कारण साधं आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) मध्य, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा अॅक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त अंतर कापावं लागतं. मेन स्टँडवर मागचं चाक लोंबत असतं, तेव्हा चेन सैल दिसते. दोन माणसं आणि सामान बसलं की सस्पेन्शन दबतं, स्विंगआर्म त्या रेषेकडे सरकतो आणि चेन ताणली जाते. मग प्रत्येक खड्ड्यात ती पुढच्या शाफ्टला खेचते. माझ्या गाडीला पुढच्या स्प्रॉकेटमागे ऑइल पाझरायला लागलं होतं, सील गेलं होतं. मिस्त्रींनी चेन सैल करून दिली आणि चहापुरते पैसे घेतले. गुहागर झालं, पण परतल्यावर सील आणि बेअरिंगसाठी इंजिन खोलावं लागलं. आठ दिवस गाडी नाही. दहा मिनिटांच्या उत्साहाचा खर्च.

आता माझी पद्धत ठरलेली. ढील किती हवी ते गाडीच्या पुस्तकात आणि बऱ्याचदा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, मोजायचं कसं तेही. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना ती जास्तच लागते. चाक हाताने फिरवून चेन सगळ्यात घट्ट कुठे येते ते शोधायचं आणि तिथे मोजायचं. मागच्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या. अॅक्सलचा नट आवळला की ढील थोडी बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघायचं. शेवटी दोघांना गाडीवर बसवून अंगठा घालायचा. मिस्त्रींचा अंगठा कुठल्याही मोजपट्टीपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

साफसफाई रॉकेलने. पेट्रोलने नाही, त्याने चेनच्या सांध्यांतल्या ओ-रिंगची रबरं खराब होतात. महागडे स्प्रे हवे त्याने घ्यावेत, मी ९० नंबरचं गिअर ऑइल वापरतो. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा, पावसात रोज मुक्कामाला पोचल्यावर, चेन गरम असताना, आतल्या बाजूने. रात्रभर मुरू द्यायचं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर आणि फिरत्या चेनवर फडकं, असे व्हिडिओ हल्ली सर्रास दिसतात. फडकं स्प्रॉकेटमध्ये गेलं की मागोमाग बोट जातं. चाक हाताने फिरवा. पाच मिनिटं जास्त लागतील.

स्प्रॉकेटचे दात विळ्यासारखे वाकले असतील तर नुसती चेन बदलू नका. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. पूर्ण सेटच घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

शनिवारी डिलिव्हरी, रविवारी गोवा. नको. नवे टायर गुळगुळीत असतात, नवं इंजिन बसायचं असतं, पहिली सर्व्हिसिंग व्हायची असते. आधी दोन-तीनशे किलोमीटरची एक फेरी मारून घरी या, काय सैल झालं ते कळतं.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणं. वाचलेलं पेट्रोल किती आणि तापलेले ब्रेक किती, हिशोब करा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

हेडलाइटची वायर सोलून त्यावर जादा दिवे जोडणं. रिले आणि फ्यूज लावूनच वायरिंग करा, नाहीतर अंधारात जादा दिव्यांबरोबर मूळचा दिवाही जाईल.

स्पोकची चाकं छान दिसतात, पण आत ट्यूब असेल तर पंक्चरला चाक खोलावं लागतं. हिमालयन ४५० सुद्धा २०२३ मध्ये ट्यूबवरच आली, ट्यूबलेस स्पोक चाकं मागाहून मिळाली. ट्यूबवाली गाडी असेल तर एकदा घरी स्वतः चाक काढून बघा. रस्त्यावर पहिल्यांदा शिकू नका.

क्लचची केबल तुटल्यावर नवी शोधत फिरणं. माझ्या गाडीला जुन्या केबलला लागूनच एक नवी केबल प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली असते. तुटली की दोन्ही टोकं बदलायची, टाकी काढायचीही गरज नाही. चार वर्षांत मला ती लागली नव्हती. गेल्या महिन्यात आंबोलीत एक मुलगा गाडी ढकलत चालला होता, मॉडेल माझंच. त्याला ती बसवून दिली. "सावंतवाडीला पोचलो की नवी घेऊन पाठवतो, दादा," म्हणाला. अजून आलेली नाही.